ई जीवनसत्त्व : आतड्यातील शोषण

ई जीवनसत्त्वाची आठ रूपे : चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या खुरासणी तेलात अल्फा-टोकोफेरॉल भरपूर. भाताच्या कोंड्यात टोकोट्रायनॉलही असतात, पण वाडा कोलम पांढराशुभ्र होईतो सडला की ते कोंड्याबरोबर जातात. बोईसरच्या औषधदुकानातील कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असते. स्वादुपिंडाचे विकर आधी त्यातले ॲसिटेट तोडते. पुढे पित्तक्षारांच्या मिसेलमधून जीवनसत्त्व लहान आतड्याच्या पेशींत शिरते आणि कायलोमायक्रॉनमधून लसीकेत उतरते. म्हणून कॅप्सूल तेल-तुपाच्या जेवणासोबतच घ्यावी. आतडे अल्फा-गॅमा असा भेद फारसा करत नाही. निवड यकृतातील वाहक प्रथिन करते आणि अल्फालाच रक्तात परत पाठवते.