सभेची गर्दी आणि पेटीतले मत

२०२४ साली दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेही नव्हते, तोच आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये विधानसभेच्या प्रचाराला रंग चढला. मतदान २० नोव्हेंबरला होते. एका संध्याकाळी नातवाला घेऊन मी एका उमेदवाराच्या सभेला गेलो. पहिली पाळी करून आलेले कामगार, डोईवर पदर घेतलेल्या आजीबाई, कडेवर पोर घेतलेल्या लेकीसुना, सगळ्यांनी मैदान फुलून गेले होते. नातवाने मला दोन प्रश्न विचारले. ‘आजोबा, हे सारे मोबाईलवर दिसते, मग इथे यायचे कशाला?’ आणि लगेच दुसरा, ‘एवढी गर्दी, म्हणजे हाच निवडून येणार ना?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुणेकरांनी १९५७ सालीच देऊन ठेवले आहे.

त्या काळी सभेवाचून उमेदवाराचा आवाज कानी पडण्याची सोय नव्हती. आकाशवाणी सरकारी, तिच्यावरून पक्षांना प्रचाराची मुभा मिळाली ती थेट १९७७ साली. तेव्हा ज्याला उमेदवार पारखायचा असेल, त्याने चटणी-भाकरी खाऊन सभेची वाट धरावी, हाच रिवाज होता. पुण्यात शनिवारवाड्यापुढचे पटांगण म्हणजे अशा सभांचे माहेरघर.

१९५७ च्या निवडणुकीत पुण्याच्या लोकसभेच्या जागेसाठी काँग्रेसतर्फे काकासाहेब गाडगीळ उभे होते. काकासाहेब म्हणजे सामान्य असामी नव्हे. १९४७ ते १९५२ पर्यंत ते केंद्रात मंत्री होते. वक्तृत्व असे की, विरोधकानेही कान देऊन ऐकावे. आणि विशेष म्हणजे, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून लोकसभेत त्यांनी हिरिरीने बाजू मांडली होती. पण १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य मराठी माणसाच्या माथी बसले, आणि काकासाहेब उभे राहिले ते बैलजोडीच्याच चिन्हावर. समोर होते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याने उभे असलेले प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे. तेही बहुश्रुत, तेही फर्डे वक्ते.

मतदानाची रीतही तेव्हा निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचे आणि आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. तिथे ना वक्ता, ना टाळ्या, ना शेजारी. त्या आडोशाला पुणेकरांनी गोऱ्यांना कौल दिला. काकासाहेब पडले. लोकांचा त्यांच्यावर राग होता असे नव्हे. पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांचा मान तसाच राहिला. लोकांनी माणूस ऐकला, पण तोलला तो प्रश्न! १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, त्यात या तोलण्याचा वाटा लहान नाही.

अशीच गंमत वीस वर्षांनी पुन्हा घडली. आणीबाणीनंतर, मार्च १९७७ मध्ये, पुण्याने जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून दिले. पण शेजारच्या खेड मतदारसंघाने काँग्रेसच्या अण्णासाहेब मगरांनाच दिल्लीला धाडले. वारे एक, पण शेजाऱ्याशेजाऱ्यांचे निकाल दोन.

आता राहिला नातवाचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आमच्या गावाच्या इतिहासात आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत कारखान्यांची धुराडी उभी राहिली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका. पुढे चाकणपर्यंत कारखाने पोचले. गावकीचे पाटील, फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत आलेले सिंधी, मराठवाड्या-विदर्भातून भाकरीच्या शोधात आलेले कामगार, या साऱ्यांच्या आळ्या वेगळ्या, देव वेगळे, सणही वेगळे. पण सभेच्या मैदानावर त्यांना मांडीला मांडी लावून बसावे लागले. पाणी, रस्ता, घर, कायम नोकरी, ही दुखणी सगळ्यांची एकच आहेत, हे तिथेच एकमेकांना उमगले.

म्हणून नातवाला सांगितले, ‘बाळ, मोबाईलवर वक्ता दिसतो, मैदानावर शेजारी दिसतो. पाण्याचे नाव निघताच कोण ताठ बसले, टाळ्यांच्या वेळी कोण गप्प राहिले, कोण अर्ध्यातून उठले, ते इथे यावे तेव्हाच कळते. आणि निवडून कोण येणार म्हणशील, तर ते या गर्दीलाही अजून ठाऊक नाही.’

सभा संपली. आम्ही घरी परतलो. दारातली पणती अजून तेवत होती. नातू म्हणाला, ‘आजोबा, उद्या दुसऱ्या उमेदवाराची सभा आहे. जायचे ना?’

मी म्हटले, ‘अलबत!’