'एक शून्य शून्य' : पडवीत ऐकलेली मालिका

'एक शून्य शून्य' ही मालिका आम्ही पाहण्याआधी ऐकली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातील आमच्या वीर गावी दूरचित्रवाणी संच मोजकेच होते, आणि जे होते त्यांच्या पडद्यावर मुंबई केंद्राचे चित्र डोंगराआडून येताना मुंग्यांनी खाल्लेले असे. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी एसटीने उतरत आणि परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीने बसून पाहिलेले भाग रात्री पडवीत सांगत. प्रेत कोठे मिळाले, शेजारणीने जबाबात काय लपवले, हवालदाराला पहिला संशय कशावरून आला, हे सारे क्रमाने. सांगणारा अर्थातच स्वतः इन्स्पेक्टर होई. आरतीची वेळ झाली की तपास थांबे आणि प्रसाद वाटून झाल्यावर पुन्हा सुरू होई.

हे स्मरणरंजन म्हणून सांगत नाही. मराठी रहस्यकथेचा इतिहास लिहिणारे बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करतात, दिवाळी अंकांपर्यंत येतात आणि छापील पानाची कड आली की थांबतात. आमच्या मते त्या इतिहासातील एक मोठे वळण छापील पानावर घडलेच नाही. ते मुंबई दूरदर्शनवर घडले.

वळण कोणते, हे समजण्यासाठी आधी अर्नाळकर. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक कादंबरिका लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचा धनंजय हे एकटे वीर आहेत. कायद्याच्या शेजारून, प्रसंगी कायद्याच्या डोक्यावरून ते चालतात. पोलीस तेथे असतात ते बहुधा उशिरा पोचण्यासाठी. हिंदी दूरदर्शनने १९८५ साली 'करमचंद' आणला, तोही गाजरे खाणारा खासगी गुप्तहेरच होता, आणि १९९३ साली बासू चटर्जींनी पडद्यावर आणलेला ब्योमकेश बक्षी तर बंगाली भद्रलोकातील सत्यान्वेषी. म्हणजे तल्लख बुद्धीचा एक माणूस आणि त्याच्यापुढे टाकलेले एक कोडे. रहस्यकथेचा हा साचा वाचकाला लाडका आहे, आम्हालाही आहे.

'एक शून्य शून्य'ने तो साचा मोडला, आणि तो कसलाही गाजावाजा न करता. मालिकेचे नाव म्हणजे पोलिसांना बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक. या नावातच नायक बदललेला आहे. दूरध्वनी एखाद्या झुंजारला केलेला नाही, एका सरकारी खात्याला केला आहे. तो कोण उचलील ते फोन करणाऱ्याला ठाऊक नाही. मुंबई पोलिसांनी प्रत्यक्ष तपासलेल्या गुन्ह्यांवर कथानके बेतलेली होती. त्यामुळे कोडे सुटते ते एकाच्या प्रतिभेने नव्हे. चौकशी, पाळत, खबऱ्या, धोब्याची खूण, टॅक्सीचा क्रमांक, अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या कष्टांतून ते सुटते. कंटाळ्याला कथेत मानाचे स्थान देणे हे धाडसाचे काम होते, असे आम्ही आज म्हणू शकतो. तेव्हा ते आम्हाला फक्त 'खरे' वाटले.

दिग्दर्शक बी. पी. सिंग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनमध्ये कॅमेरामन म्हणून उमेदवारी केलेले हे गृहस्थ मूळचे मराठी नव्हेत. मराठी पोलीसकथेचा पाया एका अमराठी छायालेखकाने घालावा यात आम्हाला विरोधाभास दिसत नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हापासून त्याच्या मराठी कार्यक्रमांवर नाटकाची दाट छाया होती: तीन भिंतींची बैठकीची खोली, सोफा, टीपॉय, आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारी पात्रे. संवादापेक्षा जागेकडे पाहणारा डोळा तेथे हवाच होता.

आणि शिवाजी साटम. बँकेतील नोकरी सांभाळून रंगभूमीवर आलेल्या नटांच्या पिढीतील हे एक. त्या काळी मुंबईतील बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांच्या नाट्यस्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती माणसे पुरवली याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा. साटमांच्या पोलीस अधिकाऱ्यात आम्हाला नेहमी तो कचेरीतला माणूस दिसत आला आहे. फायलींची, वरिष्ठांची आणि लोकलच्या वेळेची सवय असलेला. गुन्हेगारापुढे आवाज चढवला तरी घरी जाऊन भाजी नेणारा. नायकाचे हे मध्यमवर्गीय होणे मराठी प्रेक्षकाने चटकन आपलेसे केले.

भाषेविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला हाती लागण्यासारखे सर्वांत अधिक येथेच आहे. पोलिसांची मराठी ही स्वतंत्र बोली आहे. फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन हे शब्द फारसी-अरबीतून दरबारी कारभारात आले, तेथून कोर्टकचेऱ्यांत स्थिरावले. 'सदर इसम', 'नमूद ठिकाणी', 'मयताच्या अंगावरील वर्णन' ही रचना गद्याच्या कोणत्याही संकलनात सापडणार नाही, पण शेतीच्या बांधावरून भांडण झालेल्या प्रत्येक कोकणी कुटुंबाला ती पाठ असते. रहस्यकथेची भाषा ग्रांथिक आणि अद्भुतरम्य होती. पोलीसकथेने ही दफ्तरी भाषा माणसांच्या तोंडी आणली. आमच्या पडवीतील कथनकारांना ती सांगताना अडचण पडत नसे याचे कारण हेच. मुंबईचा रस्ता त्यांच्या श्रोत्यांनी पाहिलेला नसेल, पंचनामा पाहिलेला होता.

त्या मुंबईचे स्मरणही आवश्यक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना रस्त्यावर आणले. त्यांतील कितीतरी रायगड-रत्नागिरीचे. त्याच महिन्यात, ११ तारखेस, वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला होता. १९८७ च्या मार्चमध्ये तपास अधिकाऱ्यांचे सोंग घेऊन ऑपेरा हाऊस येथील जवाहिऱ्याची पेढी भरदिवसा लुटली गेली. तिकडे पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातील आरोपींना १९८३ साली फाशी झाली, आणि 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट १९८६ साली त्याच विषयावर आला. गुन्हा हा विषय मराठी घराच्या दिवाणखान्यात येऊन बसला होता. मालिकेने त्याला धीर देणारी चौकट दिली: शेवटी आरोपी सापडतो.

आमची तक्रार नेमकी येथे आहे. पोलिसांच्या दफ्तरातून कथा घेतली की तिचा शेवट आधीच ठरतो. न सुटलेल्या प्रकरणावर भाग बेतला जात नाही, चुकून पकडलेल्या माणसावर तर नाहीच. कोठडीच्या आत कॅमेरा जाई तो कबुलीजबाबापुरता. अमेरिकेत १९५१ साली पडद्यावर आलेल्या 'ड्रॅगनेट'ने लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याने हाच करार केला होता: खात्याने खऱ्या कथा द्याव्यात, मालिकेने खात्याची शान राखावी. त्या करारातून बाहेर पडायला तिकडे अर्धे शतक गेले. २००२ ते २००८ या काळात चाललेली 'द वायर' डेव्हिड सायमन या माजी पत्रकाराने निर्माण केली. तिच्या लेखनात बाल्टिमोर पोलिसांतून निवृत्त झालेले एड बर्न्स सोबतीला होते. तेथे गुन्हेगार, गोदी कामगार, शाळा आणि वृत्तपत्र यांना पोलिसांइतकीच जागा मिळाली. आमच्या संपकरी गिरणगावाला तशी मालिका मिळाली नाही. सामग्री काही कमी नव्हती.

वारसा मात्र मोठा आहे. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सिंग यांचीच 'सी.आय.डी.' सुरू झाली. साटम एसीपी प्रद्युम्न झाले. योगायोग असा की त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, संपूर्ण कोकण रेल्वे वाहतुकीस खुली झाली. आमच्या वीरला गाडी १९९३ पासूनच येत होती, रोहे-वीर हा टप्पा आधी पुरा झाल्यामुळे. आता ती पुढे जाऊ लागली, आणि मराठी पोलीसकथाही हिंदीत पुढे निघाली. २००४ साली सिंग यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही तुकड्याविना, सलग चित्रित केला. छायालेखकाची जुनी हौस तेथे फिटली असावी. 'सी.आय.डी.' २०१८ पर्यंत अखंड चालली, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. पण दारे लाथेने तोडणारा दया आणि प्रयोगशाळेत क्षणात निकाल देणारे डॉ. साळुंखे पाहताना आम्हाला वाटत राहिले की अर्नाळकर मागच्या दाराने परत आले. खाते तेच, पण त्यातील प्रत्येकजण झुंजार. धोब्याची खूण शोधत फिरण्याला तेथे वेळ नव्हता. मराठीत 'लक्ष्य'सारख्या मालिकांनी तो जुना धागा काही काळ धरला, एवढे नमूद करतो.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या पिढीत फिती महाग होत्या आणि त्याच फितीवर पुन्हा चित्रण करणे ही जगभरची रीत होती. बीबीसीच्या १९६२ सालच्या 'झेड कार्स' या पोलीस मालिकेचे कितीतरी भाग असेच पुसले गेले. अशा मालिकांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला म्हणून प्रेक्षकांच्या आठवणी हाही दस्तऐवज मानावा लागतो, आणि ज्यांनी 'एक शून्य शून्य' जाणत्या वयात पाहिली ते आता साठीच्या पुढे आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलिसांसाठी ११२ हा एकत्रित क्रमांक आला आहे. नव्या वाचकाला मालिकेचे शीर्षकही लवकरच समजावून सांगावे लागेल.

आमच्यापुरती एक अडचण उरते. विहिरीत सापडलेल्या पितळी घागरीवरून खुनी ओळखला गेल्याचा एक भाग आम्हाला बारकाव्यांसह आठवतो. तो सांगणारे काका गिरणी बंद पडल्यावर कायमचे गावी आले होते. मुंबईच्या मालिकेत विहीर आणि घागर कशी, हा प्रश्न त्या रात्री पडवीत कोणालाच पडला नाही.