गणन-अक्षमता

सर्वसाधारण बुद्धी व नियमित शिक्षण असूनही संख्याज्ञान आणि अंकगणित वयानुरूप आत्मसात न होण्याची स्थिती. प्रचलित नाव डिस्कॅल्क्युलिया. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ती विशिष्ट अध्ययन अक्षमतांत मोडते.

अशी अक्षमता असलेले चौथीतले मूल ८ + ५ साठीही बोटे मोजते, ४७ आणि ७४ यांतली मोठी संख्या सांगताना अडखळते, दुकानातून परत मिळालेले सुटे पैसे त्याला जुळवता येत नाहीत. मात्र सदतीस ऐकून ७३ लिहिणे एवढ्यावरून निदान करू नये. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, त्यामुळे पहिली-दुसरीत ही चूक सर्रास होते.

बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात ही अक्षमता ओळखणे अधिक अवघड आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि सोबतच्या मुलांची शाळा काही महिने बुडते. अशा मुलाची हातच्याची वजाबाकी चुकली, तर बहुधा तो पाठ त्याला मिळालेलाच नसतो. परतल्यावर मणी, काड्यांचे गठ्ठे, नाणी घेऊन नेमके शिकवले की ही उणीव बरीचशी भरून निघते. गणन-अक्षमता तशी जात नाही. म्हणून मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी शिक्षकांनी त्याचा हजेरीपट पाहावा, दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे आणि मगच तज्ज्ञांकडे पाठवावे.