कुऱ्हाड, करवत आणि यंत्र : ठाणे जिल्ह्यातील वृक्षतोड कामगारांचे श्रम व साधननिवड – एक ऐतिहासिक अभ्यास (१८४७ ते २०१९)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील वनांच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आढळते. एक अंग वनकायदे व वनप्रशासनाचे, तर दुसरे आदिवासींच्या हक्कांचे व लढ्यांचे. ज्या हातांनी प्रत्यक्ष झाड पाडले त्यांचा दिवसभराचा श्रम आणि त्यांच्या हातातील साधन यांकडे मात्र इतिहासलेखनाचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. कुऱ्हाड वापरायची की करवत, करवत हाताची की यंत्राची, ही निवड वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. परंतु झाड कशासाठी तोडले जाते, मजुरी कशी मोजली जाते, साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि अपघात झाल्यास भार कोणावर पडतो, या प्रश्नांपासून ती वेगळी काढता येत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या) संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) वृक्षतोडीच्या दैनंदिन कामाचे स्वरूप समजून घेणे.
२) कुऱ्हाड, हातकरवत व यांत्रिक करवत यांच्या निवडीमागील आर्थिक व प्रशासकीय कारणांचा शोध घेणे.
३) साधन बदलल्याने कामगाराचे स्थान व कायद्याची परिणामकारकता यांत काय फरक पडला, हे तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

वासाहतिक काळ व लाकडाची मागणी :

मुंबईच्या गोदीला सागवान नवे नव्हते. वाडिया घराण्याने मुंबईत बांधलेली व १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे, यावरून या लाकडाचा टिकाऊपणा लक्षात यावा. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालील स्लीपर, पूल, इमारती व इंधन यांसाठी लाकडाची मागणी झपाट्याने वाढत गेली. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी वनांवरील सरकारी नियंत्रण पक्के केले.

ठाणे जिल्ह्यात या नियंत्रणाचा पहिला आघात शेतीवर झाला. भाताच्या रोपवाटिकेसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीस ‘राब’ म्हणतात. त्यासाठी ऐन व इतर झाडांवर चढून फांद्या छाटल्या जात. वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी, तसेच कुणबी शेतकऱ्यांच्या हातातला कोयता आणि कमरेला तो अडकवण्याची आकडी ही या छाटणीची साधने होती. वनखात्याच्या दृष्टीने ही झाडांची नासाडी होती, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने भातशेतीची पहिली पायरी. या व अशा तक्रारींमुळे १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. झाडावर चढण्याचे व फांदी नेमकी उतरवण्याचे जे कौशल्य राबासाठी वापरले असता गुन्हा ठरत होते, तेच कौशल्य ठेकेदाराच्या कूपात अत्यल्प मजुरीवर विकत घेतले जात होते.

कूपातील दैनंदिन काम :

वनाच्या कार्य-आयोजनेनुसार ज्या क्षेत्रात त्या वर्षी तोड करावयाची त्यास ‘कूप’ म्हणतात. तोडीचा हंगाम साधारणतः पावसाळ्यानंतर भातकापणी उरकली की सुरू होई व उन्हाळ्यापर्यंत चाले. तोडावयाच्या अथवा राखावयाच्या झाडांवर खुणेचा हातोडा मारलेला असे. मजूर कुटुंबासह कूपात झोपडी बांधून राहत.

काम पहाटे सुरू होई. प्रथम झाडाभोवतालची झुडपे साफ केली जात. शेंड्यांना एकमेकांत गुंतवणाऱ्या वेली आधीच तोडाव्या लागत, कारण वेलींनी बांधलेले झाड पडताना शेजारच्या झाडाची फांदी ओढून आणते व ती माणसाच्या अंगावर येते. त्यानंतर झाडाचा कल, शेंड्याचा भार, वाऱ्याची दिशा व जमिनीचा उतार पाहून झाड कोणीकडे पाडायचे ते ठरे आणि पळण्याची वाट मोकळी करून ठेवली जाई. पडण्याच्या बाजूस बुंध्यात खाच घेतली जाई. मग विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा किंचित वरून, घाव घातले जात. दोहोंच्या मध्ये लाकडाची एक पट्टी न तोडता राखली जाई. ही पट्टी बिजागरीसारखे काम करते व झाडाला ठरलेल्या दिशेने नेते. ती पूर्ण तुटली तर झाड कोणीकडेही फिरू शकते. झाड पडल्यावर फांद्या छाटणे, ओंडके मापात तोडणे, साल काढणे, इमारती व जळाऊ लाकूड वेगळे करणे आणि बैलांच्या साहाय्याने ओंडके गाडीरस्त्यापर्यंत ओढणे ही कामे असत. वाहतुकीचा पास व ओंडक्यावरील शिक्का यांशिवाय माल वखारीकडे जात नसे.

कुऱ्हाड की करवत :

कुऱ्हाड दीर्घकाळ टिकून राहिली याची कारणे स्पष्ट आहेत. तिचे पाते गावचा लोहार घडवी व शेवटी देई. दांडा मजूर स्वतः धामण किंवा धावड्यासारख्या चिवट लाकडाचा करी. तोडणे, छाटणे, साल काढणे व पाचर ठोकणे ही सर्व कामे एकाच हत्याराने होत. शिवाय झाड पुन्हा फुटवे धरील अशा रीतीने तोडावयाचे असल्यास खुंट जमिनीलगत ठेवणे, साल न सोलवटणे आणि कापास उतार देऊन पाणी साचू न देणे हे नियम पाळावे लागत. धारदार कुऱ्हाडीने हे काम चांगले साधते. जळाऊ लाकूड व कोळसा यांसाठी लहान घेराची झाडे तोडताना करवतीचा फारसा उपयोगही नव्हता.

मोठ्या घेराच्या सागवानाची गोष्ट वेगळी होती. कुऱ्हाडीच्या खाचेत बुंध्याचा सर्वांत मौल्यवान भाग ढलप्यांच्या रूपाने वाया जातो. दोन माणसांनी ओढावयाची लांब करवत हा अपव्यय वाचवते. परंतु तिची किंमत अधिक असून दातांना कानस लावणे व ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवणे यासाठी वेगळे कसब लागते. तिच्यासाठी सूर जुळलेली जोडी हवी, आणि चिकट लाकडात ती अडकू लागली की पात्याला रॉकेल लावावे लागते. म्हणून करवतीचा लाभ लाकडाच्या मालकास मिळत असला तरी तिच्या खर्चाचा व देखभालीचा प्रश्न मजुरापुढे उभा राही. जोवर श्रम स्वस्त होते व साधन मजुराने स्वतः आणावयाचे होते, तोवर ठेकेदारास साधन सुधारण्याची निकड नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात केंद्र सरकारने वृक्षतोडीच्या प्रशिक्षण केंद्रांचा प्रकल्प हाती घेतला. सुधारित हातकरवतींच्या प्रसारासाठी सरकारला पुढाकार घ्यावा लागला, ही बाब बोलकी आहे.

मजुरीचा प्रश्न व सहकारी संस्था :

डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मुंबई प्रांतातील आदिवासींची वेठ, कर्जबाजारीपणा व जंगल ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक नोंदवली गेली. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद झाली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. १९४६ च्या हंगामात गवतकापणी व जंगलतोड या दोन्ही कामांवर संप झाला. जंगलकामासाठी दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी ही त्यातील प्रमुख मागणी होती. कुऱ्हाड खाली ठेवली की कूप थांबतो आणि हंगाम निघून गेला की ठेकेदाराची रक्कम अडकून पडते, हे मजुरांनी ओळखले होते. कौशल्य आणि साधन दोन्ही मजुराच्या हाती असणे हे या संपाचे बळ होते.

१९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना प्रोत्साहन दिले. लिलावाऐवजी कूप थेट संस्थेस द्यावा, सभासद मजुरांनी तोड करावी आणि नफ्याचा वाटा त्यांच्या कल्याणासाठी वापरावा, ही त्यामागील कल्पना होती. ठेकेदारीस पर्याय निर्माण करणारा हा प्रयोग महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीत विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या मर्यादाही होत्या. हिशेब, भांडवल व व्यवस्थापन बहुतांशी बिगर-आदिवासी कार्यकर्त्यांच्या व पुरस्कर्त्या संस्थांच्या हाती राहिले. सभासद हा संस्थेचा मालक असूनही व्यवहारात मजूरच उरला, ही टीका त्यामुळे झाली. १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेशिवाय वनातील तोडीस मनाई केली. वनसंरक्षणाच्या दृष्टीने हा आदेश निर्णायक होता. आधीच आक्रसत चाललेल्या कूपकामावर अवलंबून असलेल्या मजुराच्या रोजगाराचा प्रश्न मात्र त्यामुळे अधिक बिकट झाला.

यांत्रिक करवतीचे आगमन :

यांत्रिक साखळी-करवतीचा विकास युरोप व अमेरिकेत झाला. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. एमिल लेर्प यांची पेट्रोल करवत १९२७ ची. ही आरंभीची यंत्रे दोन माणसांनी उचलावी लागत. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे निरीक्षण करून साखळीच्या दातांची नवी रचना केली व १९४७ मध्ये ती बाजारात आणली. १९५० च्या दशकात एका माणसास पेलणारी करवत रूढ झाली. आपल्याकडे ती उशिरा पसरली, कारण यंत्र व इंधन महाग आणि मजूर स्वस्त होता. साखळी-करवतीचा प्रसार वाढेपर्यंत वनातील तोड घटली होती आणि तोडीचे काम खाजगी मालकीची झाडे, रस्ता-रुंदीकरण व शहरे यांकडे सरकले होते.

शहरातील झाड सहसा एकदम पाडता येत नाही. भोवती इमारती, विजेच्या तारा व वाहने असतात. म्हणून दोराने स्वतःस बांधून झाडावर चढावे लागते, फांदी दोराने धरून हळूहळू उतरवावी लागते आणि मग खोड वरून खाली तुकड्यांनी कापावे लागते. येथे साधनाची निवड जागा पाहून होते. बारीक फांदीस कोयता किंवा हातकरवत पुरते. जाड फांदीस लहान यंत्र व बुंध्यास लांब पट्टीचे यंत्र लागते. शिडीचे वाहन पोहोचत नाही तेथे माणसालाच चढावे लागते. राबासाठी झाडावर चढणाऱ्यांचे जुने कसबच येथे नव्या रूपात उपयोगी पडते.

यंत्राचे धोके वेगळे आहेत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागल्यास करवत क्षणार्धात चालकाकडे उसळी घेते. सततच्या कंपनाने बोटे बधिर होतात व आवाजाने श्रवणशक्ती मंदावते. शिरस्त्राण, कर्णरक्षक, जाड पायघोळ व साखळी थांबवणारा ब्रेक ही साधने यंत्राइतकीच आवश्यक आहेत. परंतु यंत्र काम वाढवते व संरक्षक साधन केवळ माणूस वाचवते. उपकंत्राटदारीत पहिल्यावर खर्च होतो आणि दुसरे टाळले जाते. कुऱ्हाडीच्या काळातील जुनाच हिशेब येथे कायम राहिलेला दिसतो.

यंत्राचा वेग व कायद्याची गती :

१९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा व १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा यांनी झाड तोडण्यापूर्वी परवानगीची अट घातली. अर्ज, पाहणी, हरकती व निर्णय अशी ही प्रक्रिया वेळ घेणारी आहे. मुंबईतील आरे येथे मेट्रो कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर त्याच रात्री यांत्रिक करवतींनी तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा २,१४१ झाडे पडून गेली होती. कुऱ्हाडीच्या काळात कूप महिनोन्‌महिने चाले आणि तक्रारीस, संपास अथवा आदेशास अवकाश मिळे. यंत्राने हा अवकाश जवळजवळ संपवला आहे.

निष्कर्ष :

१) वृक्षतोडीतील साधननिवड ही तोडीचा हेतू, साधनाची मालकी व श्रमाची किंमत यांवर अवलंबून राहिली आहे. श्रम स्वस्त असताना सुधारित साधनाचा प्रसार मंदावला.
२) आदिवासींचे वृक्षकौशल्य शेतीसाठी वापरले असता नाकारले गेले व ठेकेदारीसाठी स्वीकारले गेले. शहरी वृक्षछाटणीतही त्याच प्रकारचे कसब नव्या रूपात लागते.
३) कुऱ्हाड मजुराची होती. यंत्र बहुधा ठेकेदाराचे असते. त्यामुळे १९४६ मध्ये दिसलेली मजुराची सौदाशक्ती क्षीण झाली आहे.
४) वृक्षतोडीच्या परवान्यात झाडांची संख्या नोंदली जाते. तोडणाऱ्याचे प्रशिक्षण, संरक्षक साधने व विमा यांची नोंदही तेथे बंधनकारक असावी.
५) परवानगी व प्रत्यक्ष तोड यांमध्ये ठरावीक कालावधी राखणे, ही यंत्रयुगातील कायद्याची किमान गरज आहे.

झाड वाचवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जात आहे व तो लिहिलाच पाहिजे. त्याच इतिहासात झाड तोडणाऱ्या मजुराचीही नोंद व्हावी. वनाविषयीच्या निर्णयात त्याचा शब्द क्वचितच विचारला गेला. धोका मात्र प्रत्येक वेळी त्याच्याच वाट्याला आला.