परवाना, मक्तेदारी आणि मोल : परवडणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या किमतीचा इतिहास (वडीगोद्री परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वस्तूची किंमत मागणी आणि पुरवठा यांच्या मेळातून ठरते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत होय. मात्र काही वस्तूंच्या बाबतीत मागणी कोणी करावी आणि पुरवठा कोणी करावा, हे दोन्ही शासन ठरविते. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ही अशा वस्तूंची ठळक उदाहरणे आहेत. अलीकडील काळात या शस्त्रांपैकी कमी किमतीची समजली जाणारी शस्त्रेही लाखाच्या पुढे गेली असून 'दिलेल्या पैशाचे मोल मिळते काय' हा प्रश्न परवानाधारकांत विचारला जातो. हा प्रश्न केवळ बाजाराचा नाही. त्याची मुळे सुमारे दीड शतकाच्या कायद्याच्या इतिहासात आहेत.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. कापूस, ऊस व मोसंबी ही परिसराची पिके. अंकुशनगरचा साखर कारखाना जवळ. आणि दक्षिणेस गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. अशा गावातील एखाद्या बागायतदाराने किंवा व्यापाऱ्याने आत्मसंरक्षणार्थ रिव्हॉल्व्हर घ्यावयाचे ठरविल्यास त्यास जी किंमत मोजावी लागते, ती कशी घडली याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने भारतीयांना निःशस्त्र करण्याचे धोरण अवलंबिले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली संमत झालेल्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याच्या जाचाविरुद्ध ठराव झाला होता. म्हणजेच शस्त्राचा प्रश्न आरंभी किमतीचा नव्हता, तो नागरिक म्हणून असलेल्या दर्जाचा होता.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. तो करणारे अनंत कान्हेरे हे निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे शिकत होते. या कटात वापरलेले ब्राउनिंग बनावटीचे पिस्तूल विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते, असे खटल्यात पुढे आले. युरोपातील दुकानात मिळणारी एक वस्तू भारतीय तरुणापर्यंत पोहोचण्यासाठी पेटीचा चोरकप्पा आणि प्राणांची बाजी लागत होती. दुकानातील दर आणि प्रत्यक्ष हाती पडेपर्यंतचे मोल यांतील हे अंतर कायद्याने निर्माण केले होते. पुढील काळात त्याचे स्वरूप बदलले, अंतर मात्र उरले.

संस्थानी मराठवाडा

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील अनुभव ब्रिटिश मुलखापेक्षा वेगळा होता. अंबड तालुका निजामाच्या अमलाखाली, तर जवळचा शेवगाव तालुका ब्रिटिशांच्या अहमदनगर जिल्ह्यात होता. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटना सशस्त्र होती आणि सामान्य रयतेजवळ फारसे काही नव्हते. त्याच काळात सिडने कॉटन या वैमानिकाने कराचीहून विमानांद्वारे संस्थानास चोरटी शस्त्रे पुरविली. सरहद्दीवरील छावण्यांतून कार्य करणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनीही मिळतील ती शस्त्रे जमविली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलिस कारवाई १७ सप्टेंबर रोजी निजामाच्या शरणागतीने संपली.

या अनुभवाचे महत्त्व असे की, शस्त्र ज्याच्या हाती त्याचा गावावर वचक, हे समीकरण या प्रदेशाने प्रत्यक्ष पाहिले. शस्त्राकडे संरक्षणाचे साधन म्हणून पाहण्याबरोबरच प्रतिष्ठेची खूण म्हणून पाहण्याची वृत्ती ग्रामीण भागात टिकून राहिली, तिचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

१९५९ चा कायदा, राखीव उत्पादन आणि आयातबंदी

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ चा शस्त्र कायदा संमत झाला व तो नियमांसह १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वंशभेद संपला, पण परवान्याची चौकट राहिली. तत्पूर्वी १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रास्त्र व दारूगोळा हा उद्योग शासनासाठी राखीव केला होता. काही खाजगी कारखान्यांना शिकारी बंदुका बनविण्याची मुभा होती. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर मात्र सरकारी आयुध निर्माणींकडेच राहिले. याशिवाय ९ मि.मी., .३८, .४५५ यांसारखे लष्करी व पोलिसी वापराचे बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने त्याच्या वाट्यास मुख्यत्वे .३२ व .२२ हे बोअर आले.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत विदेशी शस्त्रे आयात होऊ शकत होती. त्यानंतर नामांकित नेमबाजांसारखे अपवाद वगळता व्यक्तिगत आयात बंद झाली. परिणामी देशात आधी आलेल्या वेब्ली, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर इत्यादी शस्त्रांचा साठा गोठला. नवीन माल येणे बंद आणि परवानाधारक मात्र वाढते, या स्थितीत जुन्या विदेशी पिस्तुलांचे दर काही लाखांच्या घरात गेले. साधारणतः वापरलेली वस्तू स्वस्त होते. येथे ती जुनी होत गेली तशी महाग झाली.

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने हलक्या प्रतीच्या स्वस्त पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध घातले. परंतु देशांतर्गत उत्पादन खुले असल्याने दक्षिण कॅलिफोर्नियात अल्पावधीत स्वस्त पिस्तुलांचे कारखाने उभे राहिले. १९७० चे रेव्हन हे त्यांतील आरंभीचे नाव. भारतात आयातही बंद आणि उत्पादनही राखीव होते. सारख्याच निर्बंधातून एकीकडे अतिस्वस्त शस्त्रांचा सुळसुळाट, तर दुसरीकडे एकाच विक्रेत्याने ठरविलेली चढी किंमत निष्पन्न झाली. पहिला परिणाम समाजास अधिक घातक ठरला हे मान्य करूनही, दुसऱ्याची चिकित्सा टाळता येत नाही.

सरकारी माल : किंमत आणि किफायत

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ बोअरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर हे दीर्घकाळ भारतीय परवानाधारकाचे सर्वपरिचित शस्त्र होते. त्याची रचना जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीची आहे. पश्चिम बंगालमधील निर्माणीचे 'अशनी' हे .३२ बोअरचे पिस्तूल हा दुसरा पर्याय. म्हणजे वसाहतकालीन आराखडे एकविसाव्या शतकातही ग्राहकास नवीन मालाच्या दराने मिळत होते.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' हे स्त्रियांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, धातू टायटॅनियमचा मिश्रधातू आणि किंमत १,२२,३६० रुपये. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराची पार्श्वभूमी या नावामागे होती. ज्या कष्टकरी स्त्रीस रात्रीच्या बसप्रवासाचा धोका आहे तिला ही किंमत कशी परवडावी, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. २०१६ साली आलेले 'निडर' हे .२२ बोअरचे, सुमारे २५० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर जवळपास ३५,००० रुपयांचे होते. स्वस्ताई साधली ती लहान बोअर स्वीकारून.

२००१ साली संरक्षण उत्पादन परवान्याच्या अधीन राहून खाजगी क्षेत्रास खुले झाले, तरी नागरी रिव्हॉल्व्हरमध्ये खाजगी स्पर्धक येण्यास बराच काळ लागला. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीने उत्तर प्रदेशातील हरदोई येथे भारतीय भागीदारासह .३२ चे रिव्हॉल्व्हर आणले, त्याची किंमत सुमारे १ लाख ६० हजार रुपये होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले; त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे ५० मीटर पल्ल्याचे, ७०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर सादर केले. त्याची गोळ्यांची चकती बाजूस उघडते. ही रचना अन्य देशांत शतकाहून अधिक काळ रूढ आहे. स्पर्धेने प्रत सुधारण्यास चालना मिळाली, किंमत मात्र उतरली नाही.

काडतुसांची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. नागरी वापराची .३२ ची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. परवान्यावरील मर्यादेमुळे व दरामुळे सराव अल्प होतो. सरावाविना शस्त्र हे मालकाच्या संरक्षणाचे साधन राहत नाही. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाचा आग्रह धरला, तो या दृष्टीने योग्यच होय.

कराचा वाटा

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा पिस्तूल व रिव्हॉल्व्हर २८ टक्के या सर्वोच्च श्रेणीत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कररचना सुटसुटीत करताना ते ४० टक्क्यांच्या विशेष श्रेणीत गेले. एक लाख रुपये मूळ किमतीचे शस्त्र पूर्वी १,२८,००० रुपयांना पडत असे, ते आता १,४०,००० रुपयांना पडते. येथे वाढीव १२,००० रुपयांत पोलादाचा वा कारागिरीचा कोणताही अंश नाही.

कापसाच्या मापाने किंमत

रुपयांतील वाढ फसवी असू शकते. म्हणून वडीगोद्री परिसराच्या नगदी पिकाच्या मापाने ही किंमत तपासणे उद्बोधक ठरेल. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ च्या हंगामात क्विंटलला ४,००० रुपये होता. त्या हिशेबाने 'निर्भीक'ची किंमत साडेतीस क्विंटल कापूस. २०२०-२१ मध्ये हमीभाव ५,८२५ रुपये होता. त्यानुसार हरदोईचे रिव्हॉल्व्हर साडेसत्तावीस क्विंटलांचे. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये असून करासह १,४०,००० रुपयांस पडणारे शस्त्र सुमारे सव्वासतरा क्विंटलांत येते.

हे निष्कर्ष प्रचलित समजुतीस छेद देणारे आहेत. कापसात मोजल्यास शस्त्र महाग झाले, असे म्हणता येत नाही. ते आरंभीच आवाक्याबाहेर होते. कोरडवाहू कापसाचे एकरी पाच क्विंटल उत्पन्न धरले, तर पाच एकरांपर्यंतच्या अल्पभूधारकाचे वर्षाचे संपूर्ण पीक, बी-खत-मजुरीचा खर्च न वजा करताही, २०१४ च्या 'निर्भीक'ला पुरले नसते. शिवाय हमीभाव प्रत्यक्ष पदरात पडतोच असे नाही. सबब, 'परवडणारे' रिव्हॉल्व्हर हे या परिसरात बागायतदार, ठेकेदार, व्यापारी व राजकीय कार्यकर्ते यांच्यापुरतेच परवडणारे राहिले.

किंमत रोखते कोणाला?

चढी किंमत शस्त्रप्रसारास आळा घालते, असा युक्तिवाद केला जातो. गोदावरीपलीकडचा अनुभव त्यास दुजोरा देत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यानंतर त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले व प्रशासनाने छाननी करून अनेक परवाने रद्द केले. लाखाची किंमत तेथे अडसर ठरली नव्हती. परवाना देतानाची छाननी शिथिल होती. धनवानास किंमत रोखत नाही आणि गुन्हेगारास परवाना रोखत नाही. जळगावच्या चोपडा तालुक्यास लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या ठिकाणांहून येणारे गावठी कट्टे कायदेशीर शस्त्राच्या अल्पांश दरात मिळतात, हे पोलिस कारवायांतून वारंवार दिसून आले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कठोर केल्या, व्यक्तीमागे शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत पाच वर्षांची केली. तथापि अवैध बाजाराचे अर्थकारण या उपायांनी मोडलेले नाही.

येथे मोलाचा प्रश्नही निराळे रूप घेतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननीनंतर अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. गावातील तणाव ज्या काळात सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच काळात दीड लाखाचे साधन मालकाजवळ नसते. सार्वजनिक शांततेसाठी हे आवश्यकच आहे. पण त्यातून असे सूचित होते की, ग्रामीण परवानाधारक जे विकत घेतो ते बव्हंशी संरक्षण नसून मान असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, भारतातील कमी किमतीच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा दर राखीव उत्पादन, आयातबंदी आणि कर या तीन शासकीय निर्णयांनी घडविला आहे. वस्तूच्या गुणवत्तेचा त्यातील वाटा मर्यादित आहे. तुलना करून निवडण्यास पर्यायच नसल्याने ग्राहकास किफायतीचा हिशेब मांडता आला नाही. त्याचबरोबर किंमत हे नियंत्रणाचे साधन म्हणून दुर्बळ आहे. ती अल्पभूधारकास व कष्टकरी स्त्रीस दूर ठेवते, बलदंडास नाही. शस्त्रे स्वस्त करणे हा यावरील उपाय नव्हे. अमेरिकेचा अनुभव त्याविषयी सावध करतो. परवान्यामागील गरजेची निःपक्ष तपासणी, नूतनीकरणाच्या वेळी फेरविचार आणि गावठी शस्त्रांच्या पुरवठ्यावर सातत्याने कारवाई ही त्रिसूत्री अधिक फलदायी ठरेल. वडीगोद्रीसारख्या गावातील सामान्य माणसाच्या सुरक्षिततेचे उत्तर दुकानातील दरफलकावर नाही. ते जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातील छाननीत आणि पोलिस ठाण्याच्या तत्परतेत शोधावे लागेल.