रक्ताची वाट

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील विषारी द्रव्ये यंत्राने काढून टाकता येतात, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु ते रक्त शरीराबाहेर पुनःपुन्हा आणावयाचे कोठून, हा प्रश्न यंत्राहूनही बिकट ठरला.

१९४३ साली जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी आपले कृत्रिम मूत्रपिंड चालविले. दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. एका तरुणीवर असे १२ वेळा उपचार झाले. पुढे वापरण्याजोगी वाहिनीच उरली नाही आणि ती दगावली. यंत्र शाबूत होते, वाट संपली होती.

ही वाट १९६० साली सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांना सापडली. हाताची धमनी व शीर यांत टेफ्लॉनच्या नळ्या बसवून त्यांनी त्या बाहेर एकमेकींस जोडल्या. बोइंग कारखान्यातील कामगार क्लाइड शील्ड्स यामुळे आणखी ११ वर्षे जगला. पण नळीत गुठळी होई, जखम चिघळे, नळी निसटली तर रक्तस्राव होई. शिवाय यंत्रे मोजकी. म्हणून १९६२ साली कोणास जगवावे, हे ठरविण्याचे ओझे सात नागरिकांच्या समितीवर पडले. त्यांत एक धर्मोपदेशकही होता.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. ब्रेशिया, सिमिनो, अ‍ॅपेल व सहकाऱ्यांनी सोपा उपाय प्रसिद्ध केला. मनगटाजवळ धमनी व शीर आतल्या आतच शिवून जोडावयाची. धमनीच्या दाबाने शीर फुगते, जाड होते व सुईचे वारंवार टोचणे सोसते. यालाच फिस्टुला म्हणतात.

तोही सर्वस्वी निर्धोक नाही. तो तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात. काहींचा तयार होतच नाही. क्वचित हात थंड पडतो, हृदयावर भार येतो. शिरा बारीक असल्यास कृत्रिम नळी बसवितात; ती लवकर वापरता येते, पण तीत गुठळी व जंतुसंसर्ग अधिक. मानेतील कॅथेटर तत्काळ उपयोगी पडतो; मात्र त्यातून रक्तात जंतू शिरण्याचा व मोठी शीर अरुंद होण्याचा धोका सर्वांत मोठा.

यास्तव मूत्रपिंडे थकू लागताच वैद्यांना विचारून फिस्टुला वेळीच करून घ्यावा. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, रक्तदाबही मोजू देऊ नये. रोज त्यावर बोटे ठेवावीत. थरथर जाणवली तर वाट खुली आहे. ती थांबली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.