भिंत, ठसा आणि विश्वास



पुण्याहून पूर्वेकडे निघालेला प्रवासी हडपसरास पोहोंचला म्हणजे त्याच्यापुढें रस्त्याचे दोन फांटे पडतात. आषाढी वारीच्या दिवसांत या ठिकाणीं एक हृद्य प्रसंग घडत असतो. पुण्यांत मुक्काम केलेल्या दोन पालख्या येथें एकमेकींचा निरोप घेतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडास जाते. तुकोबांची सोलापूरच्या सडकेनें लोणी काळभोराकडे वळते. मार्ग दोन, परंतु पंढरी एकच. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, त्याचा इतिहासहि असाच दोन वाटांचा आहे. हडपसरच्या वायव्येस, मुळामुठेच्या पैलतीरीं, येरवड्याचें मध्यवर्ती कारागृह उभें आहे. गुन्हेगाराचें करावयाचें काय, या प्रश्नास गेल्या दीडशें वर्षांत जीं दोन उत्तरें मिळालीं, त्या दोहोंचाहि आपल्या या भागाशीं निकटचा संबंध आहे. एक उत्तर असें, कीं त्याला भिंतीआड ठेवा आणि त्याची खूण जपून ठेवा. दुसरें असें, कीं त्याच्यावर विश्वास टाकून पाहा.

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालीं बांधला गेला. याच वर्षीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका बाजूस दगडाची भिंत उभी राहिली, आणि दुसऱ्या बाजूस कागदाची. त्या कायद्यानें माणसाचें कृत्य न पाहतां त्याचा जन्मच गुन्हा ठरविला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला. पुढें १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत पोहोंचली. पारधी, कैकाडी अशा भटक्या लोकांची नांवनिशी नोंदवावी, त्यांनीं ठराविक वेळीं हजेरी द्यावी आणि अधिकारी मागेल तेव्हां त्यांच्या बोटांचे ठसे घ्यावे, असा हा बंदोबस्त होता. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ सालीं हा कायदा सर्वत्र रद्द झाला. परंतु कागदावरची भिंत पडली तरी लोकांच्या मनांतील पडावयास फार काळ लागतो, हें या समाजांतील माणसें आजहि अनुभवानें सांगतील.

आतां ही बोटांच्या ठशांची विद्या कोठून आली? पुष्कळांची समजूत अशी आहे, कीं ती विलायतेहून आली. वस्तुस्थिति अशी, कीं तिचें बाळपण हिंदुस्थानांत गेलें. १८५८ च्या जुलै महिन्यांत बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें रस्त्याची खडी पुरविण्याचा करार केला, आणि राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या सबंध पंजाचा ठसा त्या कागदावर उमटवून घेतला. हेतु इतकाच, कीं पुढें त्यानें ‘ही सही माझी नव्हे’ असें म्हणूं नये. १८८० सालीं हेन्री फॉल्ड्स यानें अपराध्यांच्या शोधासाठीं ठशांचा उपयोग होईल, असें लिहिलें; १८९२ सालीं फ्रान्सिस गॉल्टन याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तथापि एक मोठी अडचण शिल्लक होती. लाखों माणसांचे ठसे जमविले, तर हवा असलेला ठसा त्यांतून काढावयाचा कसा? ही अडचण सोडविण्याचें श्रेय प्रायः सर एडवर्ड हेन्री यांना दिलें जातें. परंतु प्रत्यक्ष गणित बसविणारे होते काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे त्यांच्या हाताखालील दोन हिंदी अधिकारी. त्यांची युक्ति इतकी सोपी आहे, कीं ती येथें सांगतां येईल. दहा बोटांच्या पांच जोड्या कराव्या. ज्या बोटावर भोंवऱ्यासारखें चक्र असेल, त्याला गुण द्यावे: पहिल्या जोडींत सोळा, दुसरींत आठ, मग चार, दोन आणि एक. ज्या बोटावर चक्र नाहीं, त्याला शून्य. प्रत्येक जोडींतील एका बोटाचे गुण वर आणि दुसऱ्याचे खालीं मांडावे. दोन्हीं बेरजांत एकेक मिळवावा. अशा रीतीनें वर एक ते बत्तीस आणि खालीं एक ते बत्तीस यांपैकीं कोणता तरी आंकडा येतो. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १,०२४ खण झाले. कपाटांत तेवढे खण केले, कीं ज्याचा त्याचा कागद आपल्या खणांत जाऊन बसतो. १८९७ सालीं कलकत्त्यास या पद्धतीचें कार्यालय सुरू झालें आणि १९०१ सालीं लंडनच्या पोलिसांनींहि तीच पद्धति स्वीकारली. आज महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचें मुख्य ठाणें पुण्यांतच आहे; अंगुलिमुद्रांचें कामहि त्याच विभागाकडे असतें. खणांच्या कपाटाची जागा आतां संगणकानें घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

या विद्येची पहिली मोठी कसोटी १८९८ सालीं लागली, आणि त्या कसोटींतच तिची मर्यादाहि स्पष्ट झाली. बंगालमध्यें जलपैगुरीकडील चहाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानांत सांपडलेल्या एका पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा ठसा होता. तो कंगालीचरण नांवाच्या एका जुन्या नोकराच्या ठशाशीं तंतोतंत जुळला. कारण पूर्वीच्या चोरीमुळें त्याचा ठसा दप्तरीं आलेला होता. न्यायालयानें ठसा मान्य केला आणि त्या माणसास चोरीसाठीं शिक्षा दिली. खुनाचा आरोप मात्र सिद्ध मानला नाहीं. न्यायाधीशांची ही दृष्टि मार्मिक होती. ठसा इतकेंच सांगतो, कीं हा मनुष्य तेथें होता. तेथें त्यानें काय केलें, कां केलें आणि पुन्हां करील किंवा नाहीं, यांतील एकहि गोष्ट ठसा सांगत नाहीं. यंत्र कितीहि सूक्ष्म झालें, तरी हा भेद पुसला जात नाहीं.

असो. आतां दुसऱ्या वाटेकडे वळूं. १८९४ च्या कारागृह कायद्यांत मुख्य भर शिस्तीवर आणि बंदोबस्तावर होता. १९१९-२० सालीं सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिनें देशोदेशींचे तुरुंग पाहून असें स्पष्ट लिहिलें, कीं शिक्षेचा हेतु कैद्याची सुधारणा हाहि असला पाहिजे. येरवड्यांत कैद्यांच्या हातीं उद्योग होताच. तेथील कारागृह मुद्रणालयांत छापलेले सरकारी ग्रंथ जुन्या वाचनालयांत अजूनहि आढळतात. वाचकाच्या मनांत सहसा येत नाहीं, कीं ज्या हातांनीं हीं अक्षरें जुळविलीं, ते एखाद्या कैद्याचे असतील.

याच तुरुंगांत महात्मा गांधींचा मुक्काम १९२२ ते १९२४, पुन्हां १९३० सालीं आणि नंतर १९३२-३३ सालीं पडला. तेथून लिहिलेल्या पत्रांत ते या जागेस ‘येरवडा मंदिर’ म्हणत. १९३२ च्या सप्टेंबरांतील उपोषण आणि चोवीस तारखेचा पुणें करार हे आपणांस ठाऊकच आहेत. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, कीं पेटींत मिटवून ठेवतां येणाऱ्या चरख्यावर गांधींनीं याच कोठडींत परिश्रम घेतले आणि त्या चरख्याला ‘येरवडा चक्र’ हें नांव मिळालें. माणसाला बांधून ठेवण्यासाठीं उभारलेल्या जागेंत माणसाला स्वावलंबी करणारें यंत्र सुधारलें गेलें!

या चरख्याच्या विचारानें भारलेला एक परदेशी यंत्रशास्त्रज्ञ त्या सुमारास आपल्या देशांत होता. मॉरिस फ्रिडमन हे त्यांचें नांव. मूळचे पोलंडचे, ज्यू कुळांतले, आणि बंगलोरच्या विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्याचे व्यवस्थापक. गांधींच्या सहवासांत ते भारतानंद झाले आणि धनुष्यतकली नांवाचें सूत काढण्याचें सुटसुटीत साधन त्यांनीं तयार केलें. मराठी रसिकांस त्यांची दुसरीहि एक ओळख आहे: मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचीं मराठी निरूपणें त्यांनींच इंग्रजींत आणून १९७३ सालीं जगापुढें ठेविलीं. परंतु आज आपणांस त्यांचा परिचय हवा तो औंध संस्थानामुळें.

औंध म्हणजे अवघ्या बहात्तर गांवांचें संस्थान. त्याचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि हे चित्रकार, कीर्तनाचे भोक्ते आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित होते. १९३९ सालीं त्यांनीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविली. या कामीं गांधींचा सल्ला, पुत्र अप्पासाहेब पंत यांचा उत्साह आणि फ्रिडमन यांची कल्पकता यांचा मिलाफ झाला. जो राजा प्रजेवर विश्वास ठेवतो, त्यानें आपल्या कैद्यांवरच तेवढा अविश्वास कां दाखवावा? त्याच वर्षीं आटपाडीच्या दुष्काळी माळावर ‘स्वतंत्रपूर’ वसलें. गंभीर गुन्ह्यांसाठीं शिक्षा झालेले कैदी तेथें नेऊन ठेविले. भिंत नाहीं, बेडी नाहीं. जमीन कसावयाची, कष्टाची भाकर खावयाची आणि बायकामुलांसह रहावयाचें. पळून जावयास दाही दिशा मोकळ्या होत्या. पहारा होता तो एकाच गोष्टीचा: कोणी तरी आपल्यावर विश्वास टाकला आहे, या जाणिवेचा.

१९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें, परंतु ही वसाहत विलीन झाली नाहीं. ती आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे आणि तेथें अद्यापि शेती होते. याच माणदेशचे कवि ग. दि. माडगूळकर यांनीं या प्रयोगावरून रचलेली कथा व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटांत मांडली. पुढच्याच वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. अशी कल्पना एकट्या औंधासच सुचली असें नाहीं. स्वित्झर्लंडांत विट्झविल येथें ओटो केलरहाल्स यांनीं १८९५ पासून कैद्यांकडून दलदलीची जमीन लागवडीस आणविली होती. उत्तर प्रदेशांत १९५२ नंतर धरणांच्या कामावर कैद्यांच्या मोकळ्या छावण्या निघाल्या. आणि १९५५ सालीं जिनीव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें खुल्या कारागृहांची शिफारस केली. येरवड्याच्या आवारांतहि खुलें कारागृह आहे. एका चिमुकल्या संस्थानानें आधीं टाकलेलें पाऊल किती दूरवर पाहून टाकलेलें होतें, हें यावरून दिसेल.

मग प्रश्न असा येतो, कीं विश्वासाची वाट इतकी चांगली, तर सर्वच तुरुंग तसे कां होत नाहींत? याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. खुल्या कारागृहांत जातो तो शिक्षा झालेला, वर्तनानें पारखलेला कैदी. पण आपल्या तुरुंगांत आहे कोण? २०२२ सालच्या अधिकृत मोजणीप्रमाणें देशांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा न्याय अजून व्हावयाचा होता. म्हणजे दर शंभरांत सुमारें शहात्तर माणसें कायद्याच्या दृष्टीनें अद्यापि अपराधी नव्हतीं. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला, त्यांतील निवडक मंडळींस आपण मोकळ्या आकाशाखालीं पाठवितों; आणि ज्यांचा सिद्ध झालेलाच नाहीं, त्यांस उंच भिंतीआड दाटीवाटीनें ठेवितों. हा उलटा न्याय नव्हे काय?

ठशाच्या वाटेवरहि अशीच विसंगति आहे. १९२० चा ओळखीचा कायदा जाऊन २०२२ सालीं नवा कायदा आला. बोटांच्या ठशांबरोबर आतां डोळ्यांचें बुबुळ, रक्त, हस्ताक्षर यांचीहि नोंद घेतां येते आणि ती ७५ वर्षें जतन करतां येते. अपराध्याचा शोध लागावा आणि निरपराध्याची सुटका व्हावी, यासाठीं अशी नोंद अत्यंत उपयुक्त आहे, यांत संशय नाहीं. परंतु माणूस सुधारतो, अशी आपली श्रद्धा असेल, तर त्याची खूण त्याच्या आयुष्याहून अधिक काळ टिकावी कीं काय, याचा विचार आपण सर्वांनीं केला पाहिजे. १८७१ च्या कायद्याचा अनुभव गांठीशीं असलेल्या देशानें तर विशेषच केला पाहिजे.

शेवटीं, आपल्या भागांतील तरुणांसाठीं चार शब्द. तुरुंगाची नोकरी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळण्याची नोकरी, अशी आपली जुनी समजूत आहे. ती सोडून द्यावी. कारागृहाच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था येरवड्यासच आहे; ठशांचें आणि न्यायसहायक विज्ञानाचें काम पुण्यांत चालतें. या सेवेंत जावयाचें त्यानें अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचें गणित शिकावें, कारण चुकीच्या माणसास शिक्षा होऊं नये. आणि त्यानें स्वतंत्रपूरचा माळहि एकदां पाहून यावा, कारण खऱ्या अपराध्यासहि परत येण्याची वाट असावी लागते. एकाच हातांत हीं दोन्हीं कामें आलीं, तर हडपसरच्या फांट्यावर वेगळ्या झालेल्या पालख्यांप्रमाणें या दोन वाटाहि एके दिवशीं एका वाळवंटांत भेटतील.